नंबर गेला, मी राहिलो

हॅलो, आवाज येतोय का? मी सिमकार्ड बोलतोय. नखाएवढं, एक कोपरा कापलेलं, पोटावर पिवळ्या धातूची टिकली असलेलं साधं सिमकार्ड. आजवर मी दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोहोचवत आलो. स्वतःचं काही सांगायला सवड मिळाली नाही. आता सवडच सवड आहे, कारण माझ्याकडे नंबर उरलेला नाही.

नंबर नसलेलं सिमकार्ड म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला हायसं वाटतंय. बाजारात पोहोचल्यावर डोक्यावरची फुलांची पाटी कुणी हात देऊन खाली उतरवावी, तसं. कसं ते सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती मखमलाबाद नाक्यावरची रंगीत छत्री. तिच्याखाली टेबल टाकून एक पोरगा कार्डं विकत बसायचा. एका दुपारी मखमलाबादचे मोतीराम आबा तिथं आले. सोबत त्यांची मुलगी सृष्टी होती, शाळेच्या गणवेशात. फोन तिला हवा होता, पण तिचं वय बसत नव्हतं.

"आबा, कार्ड तुमच्या नावावर करावं लागेल," पोरगा म्हणाला. "अंगठा द्या."

आबांनी अंगठा दिला. यंत्रानं घेतला नाही. फुलं खुडून खुडून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. सृष्टी म्हणाली, "टोपीला पुसा ना आबा." पुसला. नाही घेतला. मग एकेक करत सगळी बोटं झाली. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीवर यंत्र राजी झालं आणि मी मोतीराम आबांच्या नावावर जन्माला आलो.

"लक्षात ठेवा बरं का, कार्ड तुमच्या नावावर हाय," पोरगा म्हणाला.

"कोणाच्या का असंना," आबा म्हणाले, "बोलणार तर हीच हाय."

आणि ते विसरून गेले. घरातले सगळेच विसरले. मी त्या दिवसापासून 'ताईचं कार्ड' झालो.

सृष्टी मोठी झाली तशी मीही कामाला लागलो. त्यांच्या मळ्यात झेंडू, शेवंती, निशिगंध, थोडा गुलाब. आबा पहाटे पाट्या भरून फुलबाजारात नेत आणि व्यापारी देईल ते घेऊन येत. बारावी झाल्यावर सृष्टीनं ठरवलं की आपण घरोघर फुलपुडी द्यायची. देवपूजेला लागतील तेवढी फुलं, दूर्वा, तुळस, सोमवारी बेल. केळीच्या पानात बांधून थेट दारात. तिनं स्कुटीच्या मागं एक पेटी बसवली आणि तिच्या धाकट्या भावानं, साईनं, पेटीवर रंगानं माझा नंबर लिहिला. आकडे वाकडेतिकडे आले, पण लांबून वाचता येत होते.

मग मला उसंत राहिली नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोड, सगळीकडून फोन. "हां बोला, सृष्टी बोलतेय," असं ती एका दमात म्हणायची. फोन खांद्यात दाबलेला, हातात पुडीचा दोरा. माणसं फोनवर किती सहज थापा मारतात ते मी तिच्याकडून शिकलो. स्कुटी अजून मळ्यातून निघालेली नसायची आणि ही सांगायची, "आलेच काकू, सिग्नलवर आहे."

एक होत्या सावित्रीबाई. गंगापूर रोडच्या एका इमारतीत एकट्या राहायच्या. पुडी मिळाली की त्यांचा फोन ठरलेला.

"सृष्टी, आजचा झेंडू होता की झेंडूचा भुसा?"

"आजी, पुडीवर बसलात का तुम्ही?"

"बसले असते तर अजून पीठ झालं असतं. आणि दूर्वा मोजून दिल्यास का गं? गणपतीला काय डाएटवर ठेवायचंय?"

दोघी हसायच्या. मी त्यांचं हसणं न सांडता इकडून तिकडे नेत होतो. हेच माझं काम आणि हेच माझं सुख.

साईबद्दल सांगायला हवं. आठवीनंतर शाळेनं त्याला सोडलं की त्यानं शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही. डोक्यात आलं की हात चालायचा, विचार मागून यायचा. स्वतःचा पॅक संपला की तो सेफ्टीपिननं मला ताईच्या फोनमधून उपसायचा आणि स्वतःच्या फोनमध्ये बसवून गेम खेळत बसायचा. तिकडून सृष्टीचा आवाज यायचा, "साई! माझं कार्ड! गिऱ्हाईक ताटकळलंय माझं!" एकदा या ओढाताणीत मी झेंडूच्या पाकळ्यांच्या ढिगात पडलो. सगळं घर शोधायला बसलं. आबांनी तर गव्हाची चाळण आणली. मी सापडलो तेव्हा सृष्टीनं आधी मला ओढणीला पुसलं, मग साईला धपाटा घातला. त्या काढण्या-घालण्यात माझी टिकली घासत गेली, पण त्याची तक्रार नाही. पातळ अंगाच्या कार्डाचा तोच फायदा. एक फोन बंद पडला की काढा, दुसऱ्यात घाला. मी कुणाच्याही फोनमध्ये राहू शकत होतो.

पोळ्याच्या आधी सृष्टीला ताप आला. साधा वाटला. डेंगू निघाला. दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी साई फोन घेऊन बसायचा. फोन वाजला की ती डोळे न उघडता म्हणायची, "साई, वाजतोय. उचल ना."

"तू बरी झाली की तूच उचल," साई म्हणायचा.

ती बरी झाली नाही.

याहून जास्त मला सांगता येत नाही. त्या दिवशी मी दिवसभर वाजत होतो. घरात खूप माणसं होती आणि कुणीच मला उचलत नव्हतं.

दहाव्याला सगळे रामकुंडावर गेले. साईच्या खिशात फोन आणि फोनमध्ये मी. पिंड मांडले. कावळे समोरच्या पत्र्यावर रांगेत बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. आबांचे चुलतभाऊ झिपरूकाका म्हणाले, "पोरीच्या मनात काहीतरी राहिलंय. बोला रे, बोला."

आबांनी हात जोडले. "पोरी, तुझ्या आईला जपीन." कावळे हलले नाहीत.

आई, रंगूबाई, म्हणाल्या, "तुझी स्कुटी विकणार नाय गं. काहीच विकणार नाय." कावळे तसेच.

आणि तेवढ्यात मी वाजलो. सगळ्यांनी साईकडं पाहिलं. झिपरूकाका खेकसले, "अरे काय करू राहिला? बंद कर तो फोन!"

"नाय करणार बंद!" साई ओरडला. त्याच्या तोंडून ते असं निघालं की सगळा घाट वळून बघायला लागला. मग तो पिंडाकडं तोंड करून, वाजता फोन हातात धरून, लहान पोरासारखा बोलत सुटला. "ताई, तुझा नंबर बंद पडू देणार नाय. कधीच नाय. प्रत्येक फोन उचलीन. पुड्या मी पोचवीन. ये ना ताई. ये ना."

एक कावळा उतरला. इकडंतिकडं बघून त्यानं पिंडाला चोच लावली.

कावळ्याला माझ्याबद्दल काय समजलं असेल ते मला सांगता येत नाही. पण रंगूबाई पदरात तोंड घालून रडल्या आणि आबांनी साईच्या पाठीवर हात ठेवला. साईनं फोन उचलला. सावित्रीबाई होत्या.

"अगं सृष्टी, आहेस कुठं? इतके दिवस देव बिनफुलाचे बसलेत."

साईनं तोंड उघडलं. जे सांगायचं होतं ते आलं नाही. "ताई... ताई कामात हाय," तो म्हणाला. "उद्या पुडी येईल, आजी."

तेव्हापासून माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. साई पहाटे उठून आबांबरोबर फुलं खुडायचा, पुड्या बांधायचा, स्कुटी काढायचा. प्रत्येक फोन उचलायचा. पुडी दाराच्या कडीला अडकवून, कुणी दार उघडायच्या आत जिना उतरायचा. कुणी सृष्टीला विचारलं की म्हणायचा, "ताई मळ्यात हाय." घरात असा फोन आला की चुलीपाशी रंगूबाईंचा भाकरीवरचा हात थांबायचा. मग पुन्हा थापायला लागायचा.

रिचार्जच्या बाबतीत तर तो वेडा झाला. कंपनीचे तीन-चार दटावणीचे मेसेज आल्याशिवाय सृष्टी पॅक मारायची नाही. साई पहिला मेसेज यायच्या आत मारायचा. प्रीपेडचं आमचं असंच असतं. पॅक संपला की आधी तुमचे जाणारे फोन थांबतात, मग येणारे, आणि फार दिवस कुणी विचारलं नाही तर नंबर काढून दुसऱ्याला देतात. साईला त्याचीच धास्ती होती. ताईचा नंबर लावला आणि कुणी परका माणूस 'कोण बोलतंय?' म्हणाला तर, या विचारानं तो दचकायचा.

त्यात झिपरूकाकांनी भर घातली. ओट्यावर बसून तंबाखू मळता मळता म्हणाले, "माणूस गेलं की कंपनी त्याचा नंबर बंद करती. मरणाचा दाखला निघाला की सरकारच कळवतं त्यांना. सगळं जोडलेलं असतंय आता."

झालं. दोन दिवसांनी आबा म्हणाले, "महापालिकेत जाऊन पोरीचा दाखला आणला पाहिजे."

"दाखला काढायचा नाय!" साई असा तडकला की त्याच्या हातातली पाटी पालथी झाली. "कोणी नाय जायचं तिकडं!"

आबांना वाटलं, बहीण गेली हे पोराला अजून मानवत नाही. त्यांनी दाखल्याचा विषय सोडला. साईला वाटलं, नंबर वाचला. आणि मी, ज्याला आपण कुणाच्या नावावर आहोत हे पक्कं ठाऊक होतं, मी मुकाट्यानं फोनच्या कप्प्यात बसून होतो. दुसऱ्यांचं बोलणं पोहोचवणाऱ्याला स्वतःचा शब्द बोलता येत नाही, हे दुखणं तुम्हाला कळायचं नाही.

मी थकत चाललो होतो. टिकली झिजली होती. ओल्या हातांचं, ओल्या फुलांचं पाणी फोनच्या कप्प्यात जायचं. अधूनमधून माझं आणि फोनचं बोलणंच तुटायचं. पडद्यावर यायचं, 'सिम घाला.' साई मला काढायचा, खोडरबरानं घासायचा, फुंकर मारायचा. मग त्यानं कागदाची घडी करून माझ्या पाठीशी दाबून बसवली. त्यानं थोडे दिवस निभावलं. स्कुटी खड्ड्यातून गेली की मी पुन्हा बेशुद्ध.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी तर मी सकाळभर उठलोच नाही. घराघरात लक्ष्मीची पूजा, फुलांची मागणी, आणि नंबर बंद. साईला पत्ताच नाही. दुपारी मी शुद्धीवर आलो तेव्हा मेसेजवर मेसेज. इतक्या जणांनी फोन केला होता. सावित्रीबाईंनी तर पुन्हा पुन्हा. साई रस्त्याच्या कडेला स्कुटी लावून त्या यादीकडं बघत बसला. "बंद पडला," तो पुटपुटला. "ताई, बंद पडला गं." त्यानं तशीच स्कुटी सातपूरला वळवली.

सातपूरला मनोजचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मनोज शाळेत साईच्या बाकावर बसायचा. त्यानं मला चिमट्यात धरून दिव्याखाली पाहिलं.

"काय रे, खाल्लं का हे कोणी? कार्ड म्हातारं झालंय. नवीन घे, नायतर ई-सिम कर."

"ते काय असतं?"

"फोनच्या पोटातच असतं ते. आपण बाहेरून काय घालत नाय. झिजायचं नाय, भिजायचं नाय, तुझी सेफ्टीपिन नाय. नंबर तोच, पॅक तोच, रिचार्ज तोच. प्रीपेड असलं तरी होतं."

ते ऐकून मला कसंसंच झालं. बिनअंगाचं सिमकार्ड! ज्याला कुणी ओढणीला पुसू शकत नाही, जे पाकळ्यांत हरवू शकत नाही. मला जरा हेवा वाटला आणि जरा कीवही आली.

"पण एक ऐक," मनोज म्हणाला. "हे उपसून दुसऱ्या फोनमध्ये घालता येत नाय. फोन फुटला तर कंपनीकडून परत घालून घ्यावं लागतं. आणि रागारागात फोनमधलं सगळं पुसून टाकू नको, तुझा भरवसा नाय. तुझ्या त्या खटाऱ्यात ई-सिम चालायचं नाय. असा फोन लागतो." त्यानं एक वापरलेला फोन दाखवला.

साईनं क्षणाचाही विचार केला नाही. खिशातून स्वतःचा गेम खेळायचा, जीव की प्राण असलेला फोन काढला आणि काउंटरवर ठेवला. "हा घे, तो दे."

"अरे, घरी विचार तरी."

"दे म्हटलं ना."

"बरं बाबा. आता कार्ड ज्याच्या नावावर हाय त्याला जवळ बसव. नंबरवरून मेसेज टाकायचा, मग कंपनीचा फोन येतो, त्यावर हो म्हणायचं. कोणाच्या नावावर हाय?"

साई दोन्ही फोन उचलून दुकानाबाहेर पडला.

घरी येऊन तो ओट्यावर बसला. कागदाच्या घडीवर मला टेकवून ताईच्या जुन्या फोनमधून त्यानं मेसेज टाकला. थोड्या वेळानं मी वाजलो. त्यानं उचललं. पलीकडून यंत्रातली बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "आपण ई-सिमसाठी विनंती केली आहे. आपले सध्याचे सिमकार्ड कायमचे बंद होईल. मान्य असल्यास एक दाबा."

कायमचे बंद. साईचा अंगठा हवेत थांबला. बाईनं पुन्हा तेच सांगितलं. साईनं फोन कापला आणि लांब फेकल्यासारखा पोत्यावर टाकला.

रंगूबाई दारातून बघत होत्या. "कोणाचा होता रे?"

"कोणाचा नाय."

"ताईच्या फोनवर फोन येतो आणि कोणाचा नाय?"

मग साईचा बांध फुटला. "आई, ते म्हणतंय कायमचं बंद होईल. मी तिथं काय बोललो होतो, सगळ्यांसमोर? बंद पडू देणार नाय म्हटलो होतो. आणि कार्ड तर मरू राहिलं. नवीन घ्यायला गेलो तर विचारतील कोणाच्या नावावर हाय. ताई गेली म्हटल्यावर नंबरच काढून घेतील. मी काय करू? दाखला पण त्याच्यासाठीच काढू दिला नाय मी."

आबा गोठ्याकडून येत होते. ते थांबले. "कशासाठी?"

"दाखला निघाला की ताईचा नंबर बंद करतात. झिपरूकाका म्हटले."

आबा पोराकडं बघतच राहिले. मग सावकाश म्हणाले, "सृष्टीचं वय बसत नव्हतं रे तेव्हा. माझीच बोटं घासली होती त्या कार्डवाल्या पोरानं. सगळी बोटं. कार्ड माझ्या नावावर हाय."

साई उठून उभा राहिला. "नक्की?"

"मला तरी असंच आठवू राहिलं."

"आबा! आठवू राहिलं नाय, नक्की सांगा!"

नक्की करायला दुसऱ्या दिवशी तिघंही कंपनीच्या दुकानात गेले. रंगूबाईंना घरी थांबा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "माझ्या पोरीचा नंबर हाय, मी येणार." काउंटरवरच्या मुलीनं आबांचं आधार घेतलं, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "काका, नंबर तुमच्याच नावावर आहे की. पहिल्यापासून."

साई काउंटरवर डोकं टेकून हसायला लागला. हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले आणि ते हसणं कधी बदललं ते कळलं नाही. आबा त्या मुलीला समजावत होते, "म्हंजे कंपनीच्या हिशोबानं हा नंबर मोतीराम चालवतो. आणि मोतीराम जिवंत हाय. बरोबर ना?"

"बरोबर आहे काका," ती म्हणाली. तिला काही उलगडलं नव्हतं, पण तिनं पाण्याची बाटली पुढं केली.

ई-सिमचं तिथंच ठरलं. पुन्हा मी वाजलो, पुन्हा यंत्रातली बाई आली. आबांनी ऐकलं, काउंटरवरच्या मुलीला आपली संमती सांगितली आणि फोन साईपुढं धरला. "तिथं शब्द तू दिला होता. दाब."

"हे बंद होईल, आबा."

रंगूबाई मध्ये आल्या. "येड्या, तिला कार्डाचं काय करायचंय? तिला फोन उचललेला पाहिजे. दवाखान्यात काय म्हणायची ती? उचल म्हणायची. ह्याच्यातून आला का त्याच्यातून आला, कधी विचारलं तिनं?"

साईनं एक दाबलं.

मला काय झालं ते सांगतो, कारण हे सांगणारं कार्ड तुम्हाला सहसा भेटायचं नाही. दुखलं नाही. घरातली एखादी लेक सामान आवरून, सगळ्यांना भेटून, उंबरा ओलांडून जाते तसा नंबर माझ्यातून निघाला. मी इतके दिवस धास्तावून होतो की माझ्याबरोबर तोही मरेल. झिजलेल्या टिकलीनं त्याला घट्ट धरून ठेवलं होतं. त्याला दुसरीकडं जागा आहे हे कळल्यावर मी हात सोडला. किती मोकळं वाटलं!

साईनं मला काढून आईच्या तळव्यावर ठेवलं. काउंटरवरच्या मुलीनं नव्या फोनमध्ये काय ते केलं आणि म्हणाली, "थोडा वेळ लागेल नेटवर्क यायला."

तिघं बाहेर बाकड्यावर बसले. साई दर श्वासाला पडद्याकडं बघायचा. "आई, गेला वाटतं. मनोजच्या नादी लागून घालवला मी."

"गप बस," आबा म्हणाले. "मोगरा लावला की त्याच दिवशी गजरा मागतो का तू?"

रंगूबाईंनी मूठ मिटली होती. त्यांच्या मुठीच्या अंधारात मी पडून होतो. आणि मग फोन वाजला.

जन्मभर मी आतून वाजत आलो होतो. बाहेरून तो आवाज कसा ऐकू येतो ते मला ठाऊकच नव्हतं. रंगूबाईंची मूठ एकदम आवळली. साईनं गडबडीत भलतंच काहीतरी दाबलं आणि स्पीकर सुरू झाला.

"काय रे, काल फोन बंद, आज सकाळी बंद! दे तिला फोन. आज मी तिच्याशीच बोलणार. ताई मळ्यात आहे म्हणून सांगू नकोस मला."

सावित्रीबाई. साईनं आईकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं.

"आजी," तो म्हणाला, "ताई गेली."

साईनं पडदा बघितला. फोन कटला नव्हता.

"पोळ्याच्या आधी. डेंगू झाला होता. मी तिचा भाऊ हाय. पुड्या मीच आणतो. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, मला सांगताच येत नव्हतं."

मग सावित्रीबाईंचा आवाज आला. त्यातला खट्याळपणा गेला होता. "कडीला पुडी अडकवून पळतो तो तू होय? मी दार उघडेपर्यंत जिन्यात कुणीच नसायचं. नाव काय बाळा तुझं?"

"साई."

"साई. थांब हं, फोनमध्ये तुझं नाव घालून ठेवते. इथं 'सृष्टी फुलवाली' आहे." त्या थांबल्या. चष्मा चाचपत असाव्यात. मग म्हणाल्या, "नको. राहू दे तिचंच. फोन वाजला की तिचं नाव दिसेल, आणि उचलला की तू बोलशील. चालेल ना?"

रंगूबाईच फोनकडं वाकून म्हणाल्या, "चालेल बाई. लय चालेल."

"आई का तुम्ही तिच्या?" सावित्रीबाई म्हणाल्या, आणि मग त्या दोघी बोलत बसल्या. साई बाकड्यावरून उठून थोडा लांब गेला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून परत आला.

त्या दिवसानंतर साईनं एकेका गिऱ्हाइकाला सांगितलं. कुणी रडलं, कुणी गप्प झालं. एकीनं विचारलं, उद्या बेल मिळेल ना. तो सगळ्यांना नीट उत्तर देत होता. नंतरच्या आठवड्यात आबा महापालिकेत जाऊन दाखला घेऊन आले. साई त्यांच्यासोबत गेला होता. फोन त्याच्या खिशात चालू होता.

माझं काय करायचं, यावर घरात थोडी चर्चा झाली. साई म्हणाला, रामकुंडात सोडू. आबा म्हणाले, "गंगेत प्लास्टिक टाकायचं नाय." रंगूबाईंनी विचारलं, "ह्याच्यात तिचं काही हाय का अजून?"

"काय नाय आता, आई. सगळं तिकडं गेलं."

"मग माझ्याजवळ राहू दे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला हाराच्या सुयांच्या डबीत ठेवलं. इथं बरं आहे. सुया बडबड करत नाहीत आणि दोऱ्याला निशिगंधाचा वास येतो.

तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं कार्ड असेल, कुणाचं तरी. ते झिजलं असेल तर त्याला पाठीशी कागद लावून लावून दमवू नका. ते कुणाच्या नावावर आहे तेवढं आजच बघून घ्या, आणि नंबर चांगल्या जागी पोहोचवून त्याला सुट्टी द्या. प्लास्टिकच्या वतीनं मी सांगतो, आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

ऐका, ओट्यावर फोन वाजतोय. पूर्वी असं वाजलं की माझ्या अंगावर काटा यायचा, आता निभेल की नाही म्हणून. आता मी नुसता ऐकतो. साईच्या चपलांचा आवाज आला. उचलला त्यानं.

"हां बोला, सृष्टी फुलवालीकडून बोलतोय."